डोंबिवलीचे आकडे आणि मान्यखेटची कंठी

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकलेल्या घरातील संध्याकाळ मोठी असते. घाटकोपर-मुलुंडच्या वसाहतींत एके काळी ही वेळ गच्चीवरच्या गप्पांची, पाठशाळेची नाहीतर पत्त्यांच्या डावाची होती. आता आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक उजळलेला पडदा असतो आणि त्यावर माहितीचा पाऊस पडत असतो. त्यातील पुष्कळशी माहिती कोणी लिहिली, कशाच्या आधारे लिहिली याचा पत्ता नसतो. ‘आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते’ अशा वाक्याने सुरू होणारा मजकूर एका कुटुंबगटातून दुसऱ्यात जातो, त्याखाली जोडलेले हात उमटतात आणि दुसऱ्या दिवशी तो विस्मरणात जातो. त्यातला काही भाग खराही असतो. पण खरे कोणते आणि रचलेले कोणते हे ताडून पाहण्याची सोय त्या मजकुरात नसते.

याच पडद्यावर वेगळ्या जातीची काही संकेतस्थळे आहेत. मौज म्हणून त्यांत शिरावे, तासभर रमावे, आणि बाहेर पडताना हातात पडताळून पाहता येईल असे काहीतरी असावे, अशी त्यांची रीत. ती फुकट आहेत, जाहिरातींचा त्रास त्यांत नाही, आणि पुढच्या पानावर काय निघेल याचा अंदाज येत नाही. त्यांपैकी एका संकेतस्थळाचा धागा मुंबईच्या मध्य रेल्वेवरील एका स्थानकाशी आणि पुढे नवव्या शतकातील एका जैन गणितज्ञाशी जाऊन मिळतो.

या संकेतस्थळाचे नाव ‘ऑनलाइन एनसायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस’. नाव जडजंबाल असले तरी काम साधे आहे. तो पूर्णांकांच्या क्रमिकांचा कोश आहे. शब्दकोशात शब्द शोधावा तशी येथे संख्यांची रांग शोधायची. पानावर एक रिकामी चौकट असते. तीत १, ४, ९, १६ असे काही आकडे लिहावेत. कोश सांगतो की ही वर्गसंख्यांची रांग आहे, पुढचे पद अमुक, तिचे सूत्र तमुक, तिच्याविषयी कोणी कधी काय लिहिले. रांग आलेखाच्या रूपात पाहता येते आणि स्वरांच्या रूपात ऐकताही येते. काही क्रमिकांचे स्वर ऐकून मुले खदखदून हसतात. तेही एक गणितशिक्षणच.

कोशाचा जन्म संगणकावर झाला नाही. नील स्लोन हा तरुण अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधन करीत असताना १९६४ मध्ये त्याला आपल्या अभ्यासात आलेली एक रांग पुढे कशी जाते ते कळेना. तेव्हा त्याने दिसेल ती क्रमिका कार्डावर टिपून ठेवायला आरंभ केला. कार्डांचा ढीग वाढला आणि १९७३ मध्ये त्याचे २३७२ क्रमिकांचे पुस्तक झाले. वाचकांनी पत्रांतून आणखी क्रमिका पाठवल्या. १९९५ मध्ये सायमन प्लूफ यांच्यासह काढलेल्या दुसऱ्या पुस्तकात त्यांची संख्या ५४८७ झाली. पुस्तकात मावेनासे झाले तेव्हा १९९६ मध्ये सारा संग्रह महाजालावर गेला. आज त्यात साडेतीन लाखांहून अधिक नोंदी आहेत. नोंद कोणालाही सुचवता येते, पण स्वयंसेवी संपादकांनी तपासल्याखेरीज ती कोशात शिरत नाही. कुटुंबगटातील मजकूर आणि हा कोश यांतील अंतर नेमके येथे आहे.

आता त्या रिकाम्या चौकटीत १, १२१, १२३२१ एवढे लिहून पाहावे. उत्तरात ‘वंडरफुल डेमलो नंबर्स’, म्हणजे ‘अद्भुत डेमलो संख्या’, असे शीर्षक येते. डेमलो हे कोणा ग्रीक किंवा इटालियन पंडिताचे नाव असावे, असे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटते. शोध घेत गेल्यास स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज विद्यापीठाच्या ‘मॅकट्यूटर’ या गणितेतिहासाच्या संकेतस्थळावर खुलासा मिळतो. जॉन ओकॉनर आणि एडमंड रॉबर्टसन या दोन प्राध्यापकांनी उभारलेले हे स्थळ गणितज्ञांच्या चरित्रांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे नोंद अशी की, डेमलो हे मुंबईपासून तीस मैलांवरील, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकाचे नाव. त्याला आता डोंबिवली म्हणतात. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना तेथे सुचली, म्हणून त्यांनी संख्यांना स्थानकाचे नाव दिले.

घाटकोपरहून कल्याणच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्यांपैकी कित्येकांनी डोंबिवलीच्या गर्दीला मनातल्या मनात नाना नावे ठेवली असतील. त्या फलाटाच्या नावाने जगाच्या गणितकोशात एक पान आहे, हे त्यांच्या कानावर गेलेले नसते.

अद्भुत डेमलो संख्या कशी तयार होते? फक्त एक या अंकाने बनलेली संख्या घ्यावी आणि तिचा वर्ग करावा. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. अंक डोंगरासारखे चढतात आणि तसेच उतरतात. कारण पाटीवरच्या गुणाकारातच दिसते. १११ ला १११ ने गुणताना १११ ही ओळ तीनदा लिहावी लागते, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, पुन्हा दोन, पुन्हा एक. नऊ वेळा एक लिहिलेल्या संख्येपर्यंत हा डोंगर सुबक राहतो; तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा वेळा एक लिहिले की मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि शिखर ढासळते: १२३४५६७९००९८७६५४३२१. हा हातचा कुठून आला हे चौथीतल्या मुलाला कागदावर दाखवले की हातच्याची संकल्पना जेवढी ठसते, तेवढी वहीभर गणिते घालून ठसत नाही.

कापरेकर हे विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवीत राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद होता आणि त्या खेळाला मोठ्या गणितज्ञांपैकी अनेक जण क्षुल्लक समजत. आपले शोध ते लहानसहान मासिकांत छापत, नाहीतर पदरमोड करून पुस्तिका काढीत. निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्याने उतारवयातही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले ते मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या मार्च १९७५ च्या अंकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध आकडा ६१७४. हा १९४९ चा शोध. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथून पुढे ते हलत नाही. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहावे. ९५१० मधून ०१५९ वजा केल्यास ९३५१. ९५३१ मधून १३५९ गेल्यास ८१७२. पुढे अनुक्रमे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त जेवढ्या लागू शकतात तेवढ्याच. घरातील प्रत्येकाचे जन्मवर्ष घेऊन कोणाला किती पायऱ्या लागतात याची स्पर्धा लावता येते आणि त्यासाठी मोबाइलची गरज नसते. पेन्सिल पुरते.

कोशात कापरेकरांच्या नावाशी जोडलेली आणखी दोन दालने आहेत. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि तिने १२ ला भाग जातो. म्हणून १२ हर्षद. दुसरा प्रकार ‘स्वयंभू’ संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवल्यास २१, २१ मध्ये २ आणि १ मिळवल्यास २४. म्हणजे १५ ही २१ ची जनक आणि २१ ही २४ ची. पण काही संख्यांना असा जनकच सापडत नाही. २० ही तशी संख्या, ३१ ही तशी, ४२ ही तशी. अशा अनाथ म्हणाव्या अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू ठरवून मानाचे स्थान दिले, यात त्यांचा स्वभाव दिसतो.

जैन घरातील वाचकाला येथे एक गोष्ट हटकून सुचेल. तीर्थंकर २४, शलाकापुरुष ६३, जीवयोनी ८४ लक्ष, जपमाळेचे मणी १०८. २४ ला ६ ने भाग जातो, ६३ ला ९ ने, ८४ ला १२ ने, १०८ ला ९ ने. चारही आकडे हर्षद आहेत! एवढे वाक्य कुटुंबगटावर टाकले तर ते संध्याकाळपर्यंत बोरिवलीपासून बेळगावपर्यंत फिरेल. पण कोशातील रांग मोजली की उत्साहाला आवर बसतो. एक ते शंभरमध्ये हर्षद संख्या ३३ आहेत, म्हणजे जवळजवळ दर तीन संख्यांत एक. तेव्हा चार प्रिय आकडे त्यांत सापडले तर चमत्कार म्हणता येणार नाही. शिवाय गुणस्थाने १४ आणि नवकार मंत्राची अक्षरे ६८. हे दोन्ही आकडे हर्षद नाहीत. आवडीचे तेवढे मोजायचे आणि नावडते गाळायचे, ही फसगत अशीच होते, आणि ती करणारा बहुधा स्वतःच फसलेला असतो.

तरीही १०८ चे एक वैशिष्ट्य मात्र पडताळणीत टिकते. १०८ ला जनक नाही, म्हणजे ती स्वयंभूही आहे. हर्षद आणि स्वयंभू हे दोन्ही गुण एकत्र असलेल्या संख्या विरळ आहेत. एकअंकी सोडल्यास पहिली २०, दुसरी ४२ आणि तिसरी थेट १०८. ही गोष्ट कोणत्याही ग्रंथातील मालेचे रहस्य उलगडत नाही. ती केवळ दशमान पद्धतीतील एक गंमत आहे, आणि गंमत म्हणून ती पुरेशी सुंदर आहे. कोशातील दोन रांगा शेजारी ठेवून कोणालाही ती दहा मिनिटांत तपासता येते.

नावांची कथा तितकीशी आनंदाची नाही. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य पुस्तकांत ‘निवेन संख्या’ असेही म्हणतात, कारण आयव्हन निवेन यांनी १९७७ मध्ये एका परिषदेतील व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला. स्वयंभू संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ असे दुसरे नाव आहे, कारण कोलंबियातील एका गणितज्ञाने त्या एका अमेरिकन मासिकात प्रश्नाच्या रूपाने मांडल्या. त्यात कोणाची लबाडी होती असे मुळीच नाही. देवळालीची पुस्तिका तेथवर पोहोचली नव्हती, एवढेच. कोशाने दोन्ही नावे शेजारी ठेवली आहेत. ‘हर्षद’ हा शब्द संस्कृतातून उचलून देवळालीच्या एका मास्तरांनी घडवला, हे त्या पानावरून जगातील कोणालाही कळू शकते. मराठी शाळेतील मुलाला ते कोठून कळावे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

‘मॅकट्यूटर’वर कापरेकरांचे चरित्र वाचून झाल्यावर त्याच संकेतस्थळावरचे जैन गणिताविषयीचे पान उघडावे, आणि तेथून महावीराचार्यांच्या चरित्राकडे वळावे. महावीराचार्य हे नवव्या शतकातील दिगंबर परंपरेतील गणितज्ञ. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, सुमारे ८५० मध्ये, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा अकराशेहून अधिक श्लोकांचा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. त्याचे राज्य महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होते. ज्योतिषात न गुरफटता केवळ गणितावर लिहिलेला ग्रंथ म्हणून ‘गणितसारसंग्रह’ विशेष मानला जातो.

या ग्रंथात एका संख्येचे वर्णन येते. एकपासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग त्याच क्रमाने उतरणारी संख्या, अर्थात १२३४५६५४३२१. ही संख्या म्हणजे १११११ च्या पुढे आणखी एक एक लिहून होणाऱ्या ११११११ चा वर्ग, म्हणजेच सहावी अद्भुत डेमलो संख्या. डोंबिवलीच्या फलाटावर शाळामास्तराला जो डोंगर दिसला, त्याच्या आकाराची संख्या सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका आचार्यांच्या श्लोकात येऊन गेली होती.

यावरून एकाने दुसऱ्याचे घेतले असे ठरत नाही, आणि तसे ठरवण्याची घाईही करू नये. दोघांना सारखीच गोष्ट मोहक वाटली, एवढे मात्र निश्चित. महावीराचार्यांना पुढूनमागून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्यांचा चांगलाच लळा होता. गुणाकाराची उदाहरणे देताना त्यांनी अशी उत्तरे निवडली की अंक गळ्यातल्या हारासारखे दिसावेत, आणि त्यांना कंठीची उपमा दिली. १३९ गुणिले १०९ केल्यास १५१५१ येते. १५२२०७ ला ७३ ने गुणल्यास आठ वेळा एक. १४२८५७१४३ ला ७ ने गुणल्यास दोन टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये, म्हणजे १००००००००१. ही राजाची कंठी. विद्यार्थ्याने रटाळ गुणाकार करीत जावे आणि शेवटी पाटीवर एक दागिना उमटावा, ही शिकवण्याची युक्ती आजच्या पाठ्यपुस्तककारांनी उसनी घ्यावी अशी आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. ‘गणितसारसंग्रहा’त जे जे आहे ते सारे अचूक आहे असे नाही. एखाद्या संख्येला शून्याने भागले तर ती बदलत नाही, असे त्यात म्हटले आहे. आजचे गणित ते मान्य करीत नाही. उलट ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे निरीक्षण त्या काळाच्या मानाने फार तीक्ष्ण आहे. ग्रंथाचा अभिमान बाळगायचा तर तो उघडून वाचूनच बाळगावा, म्हणजे कोणी शून्याच्या भागाकाराचा मुद्दा काढला तर भांबावून जाण्याची पाळी येत नाही.

आणि उघडून वाचणे आता अवघड राहिलेले नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखितांवरून हा ग्रंथ संपादित केला आणि इंग्रजी अनुवादासह १९१२ मध्ये मद्रास सरकारतर्फे प्रसिद्ध केला. या आवृत्तीच्या छायाप्रती ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर पाहता येतात. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेले हे ग्रंथालय म्हणजे रद्दीच्या दुकानात हरवून जाण्याची हौस असणाऱ्यांचे माहेर. जुनी पुस्तके, ध्वनिमुद्रिका, बंद पडलेल्या संकेतस्थळांची जुनी पाने, असे काहीही तेथे निघते. हिंदी जाणणाऱ्यांसाठी लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेला अनुवाद आहे. तो १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत काढला. म्हणजे मान्यखेटचा ग्रंथ मद्रासमार्गे जगात गेला आणि सोलापूरमार्गे घरी आला.

आकड्यांचा कंटाळा असणाऱ्यांचीही सोय या जगात आहे. बोरिवलीच्या रहिवाशाने महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्याचा १८८२ चा जुना इंग्रजी गॅझेटियर उघडावा. त्या काळी आजची उपनगरे ठाणे जिल्ह्यातच मोडत. कान्हेरीच्या लेण्यांचे त्यातील वर्णन लांबलचक आहेच. पण त्याहून गमतीचे आहे ते एक्सर गावचे. आमराईत, तळ्याच्या काठी सहा मोठ्या शिला ओळीने उभ्या आहेत, त्यांतील चार सुमारे दहा फूट उंच, आणि त्यांवर लढाया कोरल्या आहेत, असे तेथे लिहिले आहे. या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या जहाजांचे ताफे आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी युद्धाची ती स्मृती असावी, असे एक मत आहे. आमराई गेली आणि एक्सर हे नाव आज मेट्रोच्या स्थानकावर वाचायला मिळते. दीडशे वर्षांपूर्वीचे ते पान वाचून त्या स्थानकावर उतरणाऱ्याची नजर थोडी निराळी होते.

शब्दांची आवड असणाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या पानावर जावे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ तेथे शेजारी शेजारी आहेत. एक शब्द दोन्हींत शोधायचा आणि पाऊणशे वर्षांत त्याचा अर्थ किती सरकला ते पाहायचे. वेळ कसा गेला ते कळत नाही. मराठी विश्वकोशही आता महाजालावर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला हा कोश. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यातील नोंदी खाली लेखकाचे नाव घेऊन येतात, ही आजच्या काळात लहान गोष्ट नाही.

क्रमिकांच्या कोशात पुन्हा एकदा डोकावून स्वयंभू संख्यांचे पान शेवटपर्यंत वाचावे. खाली संदर्भांची यादी असते. मोठमोठ्या विद्यापीठांच्या आणि प्रकाशनसंस्थांच्या नावांमध्ये कापरेकरांच्या दोन पुस्तिका नोंदलेल्या आहेत, एक १९५९ ची आणि दुसरी १९६३ ची. त्या त्यांनी स्वतःच छापल्या होत्या. अशा पुस्तिका मास्तरांच्या विद्यार्थ्यांकडे, नाशिक-ठाणे-मुंबईच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर, वाचनालयांच्या मागल्या कपाटांत पडून असण्याचा संभव आहे. दिवाळीच्या साफसफाईत पिवळ्या पडलेल्या पातळ पुस्तिका सर्वांत आधी रद्दीत जातात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत, त्यांचे हक्क शाबूत असल्याने त्या परस्पर महाजालावर चढवता येणार नाहीत. पण विद्यापीठाच्या किंवा गावच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाकडे सुपूर्द निश्चित करता येतील. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोशात प्रकाशकाचे नाव म्हणून जे छापले आहे ते एवढेच: देवळाली कॅम्प, देवळाली.